तिसऱ्याचं जाकीट

अनसिंग, ५ डिसेंबर २०२४

ती. आईस,
भागवतचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पुन्हा पत्र. पुलाचं काम जोरात आहे. पहिला आणि दुसरा झाले. दोघांना जाकीट घातलं, माझी सहीही झाली. तिसरा मात्र उघडाच कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे. बिचाऱ्याच्या अंगाची सालं निघालीत. पूल बंद म्हणून निकिताची शाळेची बस लांबून फिरून जाते आणि तुझी नात रोज माझ्यावर रुसते.

गुडघे सांभाळ. आशीर्वादात खंड नसावा.
तुझा भागवत

केनवड, ९ डिसेंबर

चि. भागवत यास अ. उ. आ.

इकडे तूर शेंगांनी वाकली आहे. पण तुझं पत्र वाचून माझा जीव खालीवर झाला. दोघांना जाकिटं दिली, मग तिसऱ्याला का नाही? एवढ्या थंडीत त्याला पाण्यात उभं करता, अंगाची सालं निघाली तरी करता? साहेब झालास म्हणून माणुसकी सोडलीस का रे? तुझ्या बाबांचं लोकरीचं जाकीट पेटीत पडून होतं, ते शेजारच्या राजूबरोबर पाठवते आहे. त्यालाच द्यायचं, तू घालायचं नाही.

माया आहेच, त्यातली थोडी तिसऱ्यालाही द्यावी.
तुझी आई, सोजरबाई

अनसिंग, १३ डिसेंबर

ती. आईस शि. सा. न.

अगं आई, तिसरा म्हणजे माणूस नव्हे, पुलाचा खांब! जुन्या खांबाभोवती नव्या सळ्यांचा पिंजरा बांधून पुन्हा काँक्रीट ओततात, त्याला आम्ही जाकीट म्हणतो. मजूर पोट धरून हसले. मुकादम सेवालाल तेवढा हसला नाही. मायनं ज्याच्या नावानं दिलं त्याले पोचलं पायजे, असं म्हणत त्यानं जाकीट तिसऱ्याच्या सळईला अडकवलं. आज सकाळी ते तिथं नव्हतं. बाबांची वस्तू गेली याचं फार वाईट वाटतं.

रागावू नकोस, लोभ तेवढाच राहू दे.
तुझा भागवत

केनवड, १४ डिसेंबर

चि. भागवत यास अ. उ. आ.

तुझं पत्र अजून नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिते. तुझा तिसरा काल भरदुपारी येऊन गेला. चांगलाच उंच आहे रे. बाबांचं जाकीट त्याला आखूड होतं. कमरेखाली ओलाचिंब. बस म्हटलं तर बसला नाही, पाणी दिलं तर घेतलं नाही. आपली कुत्री त्याच्यावर भुंकलीसुद्धा नाही, गोठ्यात जाऊन दडली. एवढंच म्हणाला, "माय, माझ्या पायाखाली काई नाई राह्यलं. भागवतले सांग."

राजू कानाशी ओरडला तरी मला कळत नाही, पण याचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. त्याला चपला घेऊन दे.

निकितेला गोड पापा.
तुझी आई

अनसिंग, २७ जानेवारी २०२५

ती. आईस शि. सा. न.

तुझं पत्र आलं तेव्हा तिसऱ्याचं काँक्रीट ओतायची तयारी झाली होती. वाचलं आणि आधी वरची तारीख पाहिली. तू ते लिहिलंस तेव्हा माझं पत्र तुला पोचलंच नव्हतं. मी काम थांबवलं, वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या, पाणी वळवून बुडाशी खणायला लावलं. पायाखालची माती पुरानं धुऊन नेली होती. सेवालालचा हात खांद्यापर्यंत आत गेला. वरून जाकिटाचं वजन चढलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं मला झोप येत नव्हती.

आता पोकळी भरली, जाकीटही झालं. कालपासून पूल सुरू आहे. निकिताची बस उद्यापासून त्यावरूनच जाईल. आलेला माणूस कोण, याचा विचार करायचा नाही असं मी ठरवलंय. तूही कोणाला सांगू नकोस.

तुझी माया अशीच पाठीशी असावी.
भागवत

केनवड, ३१ जानेवारी

चि. भागवत,

राजूनं लावला तरी तुझा फोन लागत नाही, टपालाला उशीर होईल, म्हणून त्यालाच मोटारसायकलवर पाठवते आहे. तिसरा सुधारला हे वाचून बरं वाटलं. पण सकाळपासून आणखी दोघं अंगणात उभे आहेत. तितकेच उंच, तसेच कमरेखाली ओले. नाव विचारलं तर एक म्हणाला पहिला, एक म्हणाला दुसरा. यांना तर तू आधीच जाकिटं घातली होतीस ना? यांच्या पायाखाली पाहिलं होतंस का?

मी खोदून विचारलं तर काही सांगत नाहीत. दोघं मिळून एकच विचारून राह्यले, "माय, पोरीची बस कवा निंगते?"

लेकरा, आशीर्वाद मागून देते. आधी बस थांबव.
आई