टाकीमागची पायवाट

१२ फेब्रुवारी
दुपार, दुकानातून

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस असं धरून चालते. फाडून फेकलं असशील तर प्रश्नच मिटला.

इकडे सगळं ठीक. शिलाईचं काम बरं चाललंय, गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र पूर्वीसारखंच चालतं. तुझी भाची आता माझ्यापेक्षा सरळ कापते, पण हे तिच्या कानावर घालू नकोस, उगीच शेफारेल.

रविवारी बागेचं उद्घाटन आहे आणि तू येणार नाहीस असं समितीच्या बाई सांगत होत्या. म्हटलं, निदान इथे काय चाललंय ते तरी कळवावं.

अरे, काय करून ठेवलंयस तू! दुकानामागची ती जागा आठव. फुटके कमोड, टायर, कुजलेल्या गाद्या. वीस वर्षं मी मागची खिडकी उघडली नव्हती. आता दिवसभर ती सताड उघडी असते आणि माझी गिऱ्हाइकं माप द्यायचं सोडून बाहेर बघत बसतात. मधला तो खोलगट चौक तू मुद्दाम खोल ठेवलास, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. पावसात पाणी तिथे साठतं, आजूबाजूच्या घरांत शिरत नाही, आणि ओसरलं की पोरं तिथेच चेंडू खेळतात. उतारावरच्या पायऱ्यांवर संध्याकाळी नाटकवाले तालीम करतात. भाजीवाली त्यांना मधूनच सांगते, "जरा रागानं म्हण की!" आणि तेही ऐकतात तिचं.

परवा चाकाच्या खुर्चीतले पोस्टमास्तर फाटकापासून मोठ्या झाडापर्यंत एकटे गेले. मागून कोणी ढकलत नव्हतं. परत आले आणि पुन्हा गेले. माझ्या हातात काज राहिलं तसंच. रडले मी. माझा धाकटा हुशार आहे रे, फार हुशार आहे, आणि हे मी तुला कधी म्हटलं नाही.

मध्ये बंद पडलेलं काम पुन्हा सुरू झालं तेव्हा तू नकाशा काढायचा सोडून तीन महिने नुसता बघत बसलास. लोक जिथून चालतात तिथे फक्की टाकायचास. न्हावी म्हणायचा, "याला क्रिकेटच्या मैदानावर पाठवा." मग त्याच पांढऱ्या रेघांवर तू फरशा बसवल्यास. आज एक माणूस गवत तुडवत नाही, कारण जायचं तिथे वाट आधीच आहे.

एकच वाट सगळ्यांना खुळ्यासारखी वाटते, पाण्याच्या टाकीमागे जाते ती. गवंडी तुला म्हणाला होता, "ही कुठेच जात नाही साहेब, बुजवू का?" तू म्हणालास, "नको. रोज कोणीतरी येतंय. कारणाशिवाय कोण येईल? शेवटी एक बाक टाका."

हे मला कसं माहीत, विचार. मी टाकीमागेच उभी होते. ती वाट माझ्या चपलांनी पडली आहे. बागेसाठी भरलेल्या त्या सभेत सगळ्यांदेखत मी तुझ्यावर तोंडसुख घेतलं, आपलं बोलणं तुटलं, आणि मग रोज दुपारी दुकानाला कुलूप लावून मी तिथे जायचे. तू जेवतोस की नाही ते बघायला. अर्धा डबा कुत्र्याला घालायचास, मेल्या.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. तीनदा चहा झाला, आणखी टाळता येत नाही.

सभेनंतर नगरपालिकेच्या कार्यालयात निनावी तक्रार गेली, की हा माणूस सार्वजनिक जागा बळकावून स्वतःची रोपवाटिका काढणार आहे. पाच महिने काम बंद पडलं, पहिली बहुतेक रोपं वाळली. कोपऱ्यात रोपवाटिकेचा विचार आहे, हे तू दोघांनाच सांगितलं होतंस. पंपवाल्याला आणि मला. तू पंपवाल्याशी संबंध तोडलेस, इतक्या वर्षांच्या दोस्ताशी. माझं नाव तुझ्या मनातही आलं नाही.

तक्रार मी केली. नाक्यावरच्या टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतली.

तू चांगली नोकरी सोडलीस आणि मला धडकी भरली. आई गेल्यापासून तुला मीच वाढवलं, माझं ऐकायलाच हवं असा माज होता तो. वाटलं, काम बंद पडलं की मुकाट्यानं नोकरीवर परत जाशील. तू बादल्या भरभरून उरलेल्या रोपांना पाणी घालत बसलास, एकटा. मी टाकीमागून ते बघितलं आणि तरी तोंड उघडलं नाही. याची मला लाज वाटते.

काल पंपवाल्याच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. तो अजून बागेत पाऊल टाकत नाही, बाहेरून वळसा घालून जातो. मी सगळं सांगितलं. त्यानं पाना खाली ठेवला.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, ताई," म्हणाला. "दोघांनाच ठाऊक होतं, आणि मी तर केली नव्हती."

"मग बोलला का नाहीस रे?"

"त्याला दोस्त दुसरा मिळाला असता. बहीण कुठून आणली असती?"

मला तिथे उभं राहवेना.

समितीच्या बाईंना आज सकाळी सगळं लिहून सही करून दिलंय. रविवारी त्या ते सर्वांसमोर वाचतील. पंपवाला फाटकापर्यंतच येणार आहे. माझ्यासाठी येऊ नकोस, पण त्याचा हात धरून आत न्यायला तरी ये. त्या वेळी मी तिथे असावं की नसावं, ते तू सांगशील तसं.

अजून म्हणवत असेल तर
तुझी ताई