वेगळी टोपली

खोन केनचं इस्पितळ, थायलंड; भातकापणीच्या आधी

आई,
इथूनच तुझ्या पायाशी वाकते. मानेवरच्या गाठी उतरताहेत. ताप येतो, पण रोज नाही. बाबांचा गुडघा कसा आहे?

आजार एकदाचा सापडला. टीबी नाही, आणि गावात कुजबुजतात तो एड्सही नाही. माझंच रक्त अंगातल्या राखणदारांचे हात बांधून ठेवतं, म्हणून साधे जंतूही शिरजोर होतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपल्या इसान भागात असे पुष्कळ रुग्ण येतात. एकाचा दुसऱ्याला होत नाही."

मी दोनदा विचारलं, "भाताच्या एकाच टोपलीत सगळ्यांनी हात घातला तरी?"

"अहो, खुशाल जेवा! फक्त कच्चं मांस बंद, आणि मी सांगेपर्यंत गोळ्या सोडायच्या नाहीत."

कधीपर्यंत, ते मात्र त्या बोलल्या नाहीत.

आई, माझ्या चिकट भातासाठी तू वेगळी, छोटी टोपली विणलीस. किती सुबक विणलीस! म्हणून तर मला काही बोलता आलं नाही. आता तिच्यात मिरच्या ठेव. मी आले की भात सगळ्यांच्या टोपलीतच काढ. पहिला घास मी घेईन. माझ्यामागून लगेच तू हात घाल, सगळ्यांच्या देखत.

तुझीच,
बुआला