अन्नपूर्णेखालचे तांदूळ

॥ श्री ॥
गंगाखेड, ९ फेब्रुवारी २०२४

चि. ईश्वरीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. फोनवर बोलावं तर तुझे बाबा शेजारीच असतात, म्हणून लिहितेय. वाचून फाडून टाक.

तुझं ते पुण्याचं संग्रहालय लय आवडलं. एवढं जुनं घर, पण रंगवून असं केलंय की लग्नाला निघाल्यागत दिसतं. पण देवघरात थबकले. अन्नपूर्णा नुसत्या ताटलीत, खाली तांदळाचा दाणा नाही! आपल्यात असं कोण बसवतं तिला? तू पुढच्या खोलीत लोकांना माहिती सांगत होतीस. तुझ्या खोलीवरून निघताना घरमालकीण बबिताताईंनी ओटी भरली होती, ते तांदूळ पिशवीत होते. हात आपोआप गेला. देवीला उचललं, मूठभर तांदूळ पसरले, परत बसवलं.

गाडीत बसल्यावर तुझं बोलणं आठवलं. वस्तूंना हात लावू दिला म्हणून आधीच्या मुलीला संग्रहालयाच्या साहेबांनी काढलं. आता देवघर तुझ्या ताब्यात, आणि नोकरी कायम व्हायची महिनाअखेरीला. तेव्हापासून झोप येईना गेलीय. तांदळाला सोंडे लागले तर? कॅमेऱ्यात मी दिसले तर? बाबा विचारायलेत काय झालं म्हणून. काय सांगू?

देवीखालचे तांदूळ काढ म्हणायला जीभ रेटत नाही. तरी काढ बाई. पाप माझ्या माथी.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी आई,
कावेरी

पुणे, १५ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

तांदूळ त्याच संध्याकाळी दिसले. कुंकू लागलेले; कुणाचे ते कळलंच. साहेब यायच्या आत रुमालात गोळा केले. घरी साखरेचाही हिशेब ठेवतेस, आणि इथं मूठ सैल सोडलीस होय!

पण दुसऱ्या दिवशी मी लोकांना ‘ही अन्नपूर्णा’ म्हणाले आणि तिच्याखालची रिकामी ताटली बघून पुढचं बोलवेना. शेवटी रुमालातले थोडे दाणे तिच्या बैठकीखाली दडवले. वरून दिसत नाहीत. पण साहेब देवघराकडे वळले की मी आधी जाऊन तिच्यापुढं उभी राहते. काढू की ठेवू? तूच सांग.

बाबांना नमस्कार. तुझ्या मायेची भुकेली,
ईश्वरी

गंगाखेड, २० फेब्रुवारी

चि. ईश्वरीस आशीर्वाद.

काढ, असंच लिहायला बसले होते. लिहवेना. राहू दे. आता दोघी मिळून भिऊ.

आणि नोकरी गेलीच, तर सरळ घरी ये. तुझं ताट इथं रिकामं राहायचं नाही.

आई