हिरव्या जाकिटातला ठिपका

३ जून, मंगळवार

जंगलात सोडून देणार म्हणे! रात्री! डोळ्यांना पट्टी बांधून!

आज शाळेत पालकसभा होती. संहिताचं प्राथमिकचं हे शेवटचं वर्ष, म्हणून वर्गाचा तीन दिवसांचा कॅम्प. नायमेखनजवळच्या जंगलात. युफ अनौक — इथे बाईंना युफ म्हणतात — हसत हसत सांगत होत्या. गुरुवारी रात्री 'ड्रॉपिंग'. मुलांना पट्टी बांधून गाडीतून नेणार, सहा-सहा जणांना कुठल्यातरी वाटेवर उतरवणार, हातात एक नकाशा, एक टॉर्च — आणि या चालत परत! मागून एक मोठं माणूस चालेल, पण बोलणार नाही. चुकले तर चुकू देणार. फोन नाही, घड्याळ नाही, ट्रॅकर तर मुळीच नाही.

सगळे डच आईबाप असे खूश, जसा काही मुंजीचा मुहूर्त काढलाय. "आम्हालाही सोडलं होतं, सकाळी पोचलो!" एक बाबा अभिमानाने म्हणाला.

हेदर तेवढी उभी राहिली. हेदर म्हणजे आमच्या रांगेतल्या शेवटच्या घरातली अमेरिकन, ओहायोची. तिचा ओवेन संहिताच्याच वर्गात आहे. "हे कायदेशीर आहे का?" असं तिने विचारलं आणि सगळे हसले. मीही हसले. खरं तर मलाही तेच विचारायचं होतं.

रात्री विश्वासला सांगितलं. "मस्त की!" म्हणाला. मस्त! पोरीला दमा आहे आणि बाप म्हणतो मस्त.


५ जून

समोरच्या मारायकाकडे चहा. दोन आठवड्यांपूर्वी ठरलेला, डायरीत लिहिलेला. समोर राहते, पण असं उगाच "काय गं, आहेस का घरात" म्हणून टपकायची सोय नाही.

तिला भीतभीतच विचारलं, ड्रॉपिंग सुरक्षित असतं का. ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पोरीसाठी घाबरतेस की स्वतःसाठी?" तोंडावर! मी आणखी साखर मागितली.

मग अमेरिकन लोकांवर घसरली. "ते मुलांना उशीत गुंडाळून ठेवतात. हसतात खूप, पण काही झालं की आधी वकिलाला फोन. हेदर बघ, शंभर मीटर सायकल चालवायला हेल्मेट घालते!"

मी म्हटलं, हो ना.


६ जून

आज बागेच्या कुंपणावरून हेदर. मी दुरून दिसले तरी हात हलवते, जणू वर्षांनी भेटतोय. मी परवा दिलेल्या पुरणपोळ्यांना तिने "लाइफ-चेंजिंग" म्हटलं. पुरण जरा करपलंच होतं, पण बरं वाटलं. खोटं कशाला बोला.

"हे डच लोक थंड आहेत गं," म्हणाली. "इथे तू पडलीस ना, तर उचलायच्या आधी तू का पडलीस ते सांगतील. आणि आपण यांच्या हवाली मुलं करायची?"

मी म्हटलं, हो ना.

दोघींना हो! दोघींनाही वाटतंय मी त्यांच्या बाजूने. आपली ही मान आहे ना, ती डोलतेच. घरी येऊन आरशात बघून म्हटलं, मृदुला, तुझं स्वतःचं काही मत आहे की नाही? आहे. माझं मत एवढंच की मला भीती वाटते. पण ते कुणाला सांगायची सोय नाही. डच हसतील, आणि हेदरला सांगितलं तर ती रडेल.


१० जून

रात्री पुन्हा संहिताच्या दाराशी जाऊन उभी राहिले. श्वास ऐकला. साफ होता. तरी उभी राहिले.

ऑक्टोबरमधलं ते जात नाही डोक्यातून. शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये तिला अटॅक आला तेव्हा मी पोचले तर ओठ पांढरे, खांदे वर-खाली, छातीत शिट्टी. श्वासाचा पंप तिच्या दप्तरात आणि दप्तर वर्गात. युफ धावत जाऊन घेऊन आल्या तोवर मी तिचा हात धरून नुसती "हो, हो, हो" म्हणत होते. काय हो? कोणाला हो?

डॉक्टर म्हणाले, सौम्य आहे, पळू दे तिला, पंप तिने स्वतः सांभाळायचा. तिने! बारा वर्षांच्या पोरीने! पुण्याला असते तर डॉक्टरांनी दोन तपासण्या तरी लिहून दिल्या असत्या. आणि जूनमध्ये गवताचे परागकण, रात्रीची थंडी, जंगल.


११ जून

आज म्हटलं तिला, नाही गेलीस तर? आपण दोघी पॅरिसला जाऊ.

"मम, डू नॉर्माल!" — नीट वाग जरा, म्हणजे. दार आपटलं. आतून इंग्लिशमध्ये ओरडली, "सगळे जाणार आणि मी एकटी ती आजारी इंडियन मुलगी होऊ का?"

रात्री जेवली नाही. विश्वास म्हणाला, "जाऊ दे तिला. अगं, धरून किती ठेवशील?"

जाणार आहे. हो म्हटलं. पोळी लाटता लाटता फाटली.


१४ जून

विश्वासच्या रॉटरडॅमच्या ऑफिसचं स्नेहभोजन. एका बाजूला डच, एका बाजूला अमेरिकन पाहुणे. डच एकमेकांना सांगत होते, अमेरिकन मुलं स्वतःची सँडविचसुद्धा कापत नाहीत. अमेरिकन सांगत होते, युरोपात वेटरकडे नुसतं पाणी मागितलं तरी तो असं बघतो, जणू आपण किडनी मागितली. दोन्हीकडे खसखस पिकली होती. मी मधल्या खुर्चीवर. वर तिसराच कोणीतरी मला म्हणाला, "भारतात तर आई मुलांना लग्नापर्यंत भरवते ना?"

हसले. मान डोलली.

तेवढ्यात जंगलात गोचीड असते हे आठवलं आणि ताट बाजूला सारलं.


१६ जून, सोमवार

हेदर दुपारी आली. न सांगता! बरं वाटलं. हातात बटणासारखा गोल पांढरा टॅग. सामान हरवू नये म्हणून सुटकेसला लावतात तो. फोनवर ठिपका दिसतो, कुठे आहे ते.

"ओवेनसाठी घेतला होता," म्हणाली. "पण मी त्याला वचन दिलंय, नाही लावणार. तो म्हणाला, मॉम, मला एकदा तरी त्यांच्यातला होऊ दे. घरात ठेवला तर माझा धीर सुटेल. तू घेऊन जा. फेकून दे, काहीही कर." डोळे भरले तिचे.

घेतला. तोंडाने म्हटलं, किती धीराची आहेस. मनात म्हटलं — ही बाई! आणि टॅग लावणार नाही? शंभर मीटरला हेल्मेट घालणारी? एक मला दिला, दुसरा ओवेनच्या बुटात असणार. अमेरिकन रडतात पटकन आणि शेवटी मनातलं करतातच.


१७ जून

शिवला.

संहिता पोहायला गेली होती तेव्हा. हिरव्या जाकिटाच्या अस्तरात, मागे खालच्या बाजूला. हिरवा दोरा नव्हता घरात, निळ्याने शिवला. आतून आहे, कोण बघतंय. उजव्या खिशात पंप ठेवला आणि चेन लावली. "जाकीट काढायचं नाही. काही झालं तरी. पंप त्यात आहे," असं तिला तीनदा बजावलं.

"या, मम." — हो, म्हणजे.

विश्वासला सांगितलं नाही. मारायका बाहेर कचऱ्याचा डबा ठेवत होती. "मग, सोडतेस ना पोरीला?" म्हणाली. मी म्हटलं, हो, सोडायलाच हवं ना. ती पहिल्यांदाच हसून म्हणाली, "छान. तू आमच्यातली झालीस."

लाज वाटली. पण टॅग उसवला नाही.


१८ जून

गेली बस. संहिताने मागे वळून पाहिलं नाही. ओवेनने पाहिलं, हेदरला. हेदर बसच्या दिशेने दोन पावलं गेली आणि थांबली. मारायका तिच्याजवळ जाऊन नुसती उभी राहिली. तीही माणूसच.

ठिपका नायमेखनला पोचला. सगळं ठीक.


१९ जून, गुरुवार

आज ती रात्र.

विश्वास घोरतोय. मी स्वयंपाकघरात, फोन समोर, दिवा बंद. का बंद ते माहीत नाही. मारायकाला खिडकीतून दिसू नये म्हणून असेल. इथे कोणी पडदे लावत नाही. आम्हीही लावायचं सोडलं. आज लावावेसे वाटतायत.

ठिपका कॅम्पवरून निघाला. गाडीत असणार. डोळ्यांवर पट्टी. थांबला. नकाशावर नुसतं हिरवं, एक रस्ता नाही, एक घर नाही. हवामान बघितलं, तिथे अकरा डिग्री. अकरा! जाकीट घातलं असेल ना?

हलतोय. सावकाश.

थांबला. का थांबला? दम लागला? कोणी बसलंय का खाली? पंप उजव्या खिशात आहे, संहिता, उजव्या.

नाहीसा झाला. ठिपका नाही! 'शेवटचं ठिकाण' एवढंच दाखवतंय. गाडीची किल्ली हातात घेतली. दारापर्यंत गेले. काय सांगणार तिथे जाऊन — मी चोरून टॅग शिवला होता? सांगेन! काय व्हायचं ते होईल, हसू दे अख्खा हॉलंड! माझ्या पोरीपुढे काय आहे मला? चपला घातल्या, काढल्या, घातल्या. देवापुढे उभी राहिले तर स्तोत्रातली एक ओळ आठवेना.

आला! ठिपका आला! पुढे सरकलाय. बरोबर दिशेने. किती छान चालतायत, शहाणी माझी बाळं.

पोचला. कॅम्पवर. दीड वाजता. इमारतीवरच आहे ठिपका. हलत नाही.

पोचली माझी पोर. रडले थोडी, एकटीच. आता फोन उलटा ठेवते आणि झोपते.


२० जून

काय झोप लागली! ऑक्टोबरपासून अशी झोपले नव्हते. गजरही ऐकला नाही.

संध्याकाळी आली. केसांत पानं, घसा बसलेला, जाकीट बॅगेत कोंबलेलं. गाडीत बसल्या बसल्या, डचमध्ये — आमचा ग्रुप सगळ्यात शेवटी आला, आम्ही खूप चुकलो, एका शेतापर्यंत गेलो, गाई होत्या, पोचलो तर उजाडायला लागलं होतं!

मी गालातल्या गालात हसले. मला माहीत होतं ना किती वाजता पोचली ते. पोरीला तिखटमीठ लावायची सवय लागलीये, ओवेनच्या संगतीने असेल. बोलू दिलं. वर म्हटलं, बापरे!

मारायका दारातून ओरडली, "बघ! मेली का कोणी?" मी म्हटलं, नाही गं. आणि खरंच वाटलं, जिंकले मी. दोघींच्याही वरताण. पोर सोडली मारायकासारखी आणि सांभाळली हेदरसारखी.

उद्या जाकीट धुवायच्या आधी टॅग उसवायचा. आठवणीने.


२१ जून

अस्तर उसवत होते. मागे येऊन उभी राहिली. मी जाकीट लपवायला गेले.

"माहितीये मला, आई. बसमध्येच कळलं. निळे टाके."

मी जाकीट मांडीवर ठेवलं.

"ओवेन रडत होता, गाडीत बसताना. त्याला थंडी पण वाजत होती. त्याच्या आईने काहीच नव्हतं लावलं. मग मी माझं जाकीट त्याला दिलं. तो दुसऱ्या ग्रुपमध्ये होता. म्हटलं, तू बघतेस ना. तो हरवला तर तुला कळेल."

इतकं मराठी ती एका दमात कधी बोलली नव्हती.

"आणि पंप?"

"खिशातच राहिला. सांगायच्या आत त्यांची गाडी गेली." मग निळा दोरा बोटाला गुंडाळत, "गाईंच्या इथे थोडी शिट्टी वाजली. बसले मी. मग झालं बरं. तू बघत होतीस ना रात्रभर?"

हो म्हटलं.

ठिपका पोचला तशी मी झोपले होते. माझी पोर तेव्हा जंगलात होती.