नुसतं जमायचंय

सप्टेंबरचा पहिला रविवार, संध्याकाळ
निशी-कसाई, टोकियो

आज बिल्डिंगचा भूकंपाचा सराव होता. भोंगा वाजला की दाराजवळची तयार सॅक पाठीला अडकवायची आणि शाळेच्या मैदानात रांगेत जाऊन बसायचं. तिसऱ्या मजल्यावरची केट आली, पण फाटकातच थांबली. पाठीला सॅकही नाही. मी आपलं हसत म्हटलं, "अगं ये ना आत, नुसतं जमायचंय."

"आमच्या लोकांनाही नुसतं जमायलाच बोलावलं होतं," ती म्हणाली.

केट अमेरिकन, इंग्रजी शिकवते, एवढंच मला माहीत होतं. आज कळलं, ती पोटावाटोमी आहे, तिथल्या मूळ लोकांपैकी. तिचे पूर्वज इंडियानात राहायचे. १८३८ साली सरकारनं त्यांना बैठकीला म्हणून बोलावलं आणि जमल्यावर सैनिकांनी घेरलं. मागे घरं पाडली. बंदुकीच्या धाकानं पार कॅन्ससपर्यंत नेलं. वाटेत माणसं गेली, त्यात लहान मुलंच जास्त. हे सगळं तिनं ट्रेनच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं. मी "हो का" म्हटलं. हो का!

अजूनही काही वाटत नाहीये. रडू नाही, राग नाही. सॅक परत दाराजवळ ठेवली. पाणी, टॉर्च, बिस्किटं, लेकीचा स्वेटर.

"आई, केटकडे सॅक का नाही?" ईरानं विचारलं.

सराव संपल्यावर आम्ही घरी आलो. कुलूप उघडलं, कुकर लावला. म्हणून तर त्याला सराव म्हणायचं.