तीन जोड्या स्पीकर आणि एक उलटी तार

मी खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त ट्रान्सफॉर्मर कारागीर, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी कानाशी न लागता हे मृत्युपत्र वकीलबाईंकडून लिहवून घेत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, पण त्यांची सही लागत नाही. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात केली होती.

१. राहते घर मुलाला. गॅलरीचं दार फुगलं आहे, ते त्याने तासून घ्यावं. सहा वर्षं सांगून मी दमलो.

२. तार गुंडाळायचं यंत्र, मीटर आणि हत्यारं कारखान्यातल्या जुन्या जोडीदाराला. धाकट्या मेहुण्याला काहीही नाही. त्याने माझ्या स्पीकरवर ओला टॉवेल वाळत घातला होता.

३. हॉलमधले प्लॅनर स्पीकर, एकूण तीन जोड्या, मुलीला. ही खोकी नव्हेत. दाराएवढ्या उभ्या चौकटी, आत पातळ पडदा; तो थरथरला की आवाज निघतो. एका जोडीत खर्ज कमी पडला म्हणून दुसरी आणली, तरी भागेना म्हणून तिसरी. सोफा गेला, जेवणाचं टेबल गेलं. कै. पत्नी विचारायची, "आता मी तरी राहू ना इथे?"

४. मुलीलाच का, याची नोंद व्हावी. तिसरी जोडी लावली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, गाणं शिकत होती. म्हणाली, "बाबा, आवाज पोकळ झालाय. खालचे सूर गेलेच." मी चार पाहुण्यांसमोर म्हणालो, "तुला कानच नाहीत, गाणं कसलं शिकतेस?" त्याच महिन्यात तिने शिकवणी सोडली. आज ती दातांची डॉक्टर आहे.

अकरा वर्षांनी धूळ पुसताना दिसलं, तिसऱ्या जोडीच्या लाल-काळ्या तारा मीच उलट्या जोडल्या होत्या. तिचे पडदे बाकीच्यांच्या विरुद्ध हलत होते आणि खर्ज आपापसात मारला जात होता. दुसऱ्यांच्या उलट्या तारा शोधायची मी चौतीस वर्षं नोकरी केली. तारा सरळ केल्या आणि गप्प बसलो. त्यालाही नऊ वर्षं झाली. मला याची लाज वाटते. तुझे कान बरोबर होते. चूक माझी होती.

५. इथे वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "मुलगी याच गावात राहते ना? मग हे मेल्यावर कशाला सांगता, काका?" मी त्यांच्यासमोरच फोन लावला. मुलगी म्हणाली, "रविवारी येते, पण तासभरच हं. आणि स्पीकर नका लावू."

तिला तोंडाने सांगितलं, तर कलम चारमधली शेवटची दोन वाक्यं खोडून तिथे सही करीन, असं वकीलबाईंपाशी कबूल केलं आहे. ती न खोडलेली दिसली, तर पोरी, त्या रविवारीही माझी जीभ उचलली नाही असं समज.

स्थळ : राहत्या घराचा हॉल
दिनांक : ९ फेब्रुवारी, गुरुवार
सही : (मृत्युपत्र करणारा)
साक्षीदार, ज्यांना यातलं काही मिळणार नाही :
१. खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)
२. औषधांच्या दुकानातल्या बाई (सही)