रुद्रभूमीत लावायची झाडं

अव्वा,

आपल्या रुद्रभूमीत मी झाडं लावली आहेत. हे तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि तुझ्या लेकरांत सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी राहिलं नाही. दादाही गेला, तुझ्याच आसपास कुठंतरी मातीत बसलाय. म्हणून आज लातूरच्या माझ्या स्वयंपाकघरात, भांडी आवरून झाल्यावर, ओट्याशी खुर्ची ओढून लिहायला बसले आहे.

तू गेलीस तेव्हा मी लातूरहून उदगीरला पोचेपर्यंत तुला पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात बेलाची माळ, हात मांडीवर. आपल्यात माणसाला जाळत नाहीत, आडवंही ठेवत नाहीत, बसवूनच मातीत ठेवतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण तुला तशी पाहिली आणि मनात पहिलं काय आलं असेल, तर ही बाई अशी स्वस्थ बसलेली आपण कधी पाहिलीच नव्हती. तू एक तर चुलीपुढं उकिडवी, नाही तर दुकानामागच्या खोलीत सुपात डाळ पाखडत, नाही तर परसात फुलझाडांपाशी वाकलेली. मग पुरुषांनी तुला सजवलेल्या पालखीत बसवलं आणि रुद्रभूमीकडं, आपल्या मसणवटीकडं, निघाले. आम्ही बायका गल्लीच्या तोंडाशी थांबलो. आपल्या घरच्या बायका रुद्रभूमीत जात नसत. का, ते कुणी विचारत नसे. मीही विचारलं नाही. पालखी वळली तेव्हा तुझी मान एका बाजूला किंचित कललेली दिसली, तेवढंच शेवटचं.

दादाच्या वेळी वहिनींनी ते मोडलं. पालखी उचलली, बायका सवयीनं मागं सरकल्या, आणि वहिनी पदर खोचून पुरुषांच्या मागं चालू लागल्या. एक चुलता म्हणाला, "सूनबाई, बायांनी इथंच थांबायचं असतं." वहिनी थांबल्या नाहीत. चालता चालताच म्हणाल्या, "त्यांना मी कधी एकटं जेवायला बसवलं न्हाई. आता एकटं कसं पाठवू?" मग मीही निघाले. साठी उलटल्यावर, पोस्टातली नोकरी संपवून घरी बसल्यावर, मी पहिल्यांदा तिथं पाऊल टाकलं.

काय पाहिलं ते सांगते. सगळीकडं वेडी बाभूळ. भिंत पडकी, तिच्यातून शेळ्या आत आलेल्या. काट्यांना अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या फडफडत होत्या, पायाखाली बाटल्यांच्या काचा. थोड्या समाध्यांवर दगड होते, बाकी नुसती उंचसखल माती. मी शेजारच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "आमची अव्वा कुठं हाय हो?" त्यानं हवेत हात फिरवला. "तिकडंच असंल कुठंतरी, बाभळीच्या अंगाला. तुमच्या दादाला ठावं होतं." दादाला ठावं होतं, आणि दादाला तेव्हा माझ्यासमोर खाली उतरवत होते.

नंतर कळलं की समाजाची समिती तिथं साफसफाई करणार आहे. बाभळी उपटायच्या आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचे गट्टू बसवायचे. तू आयुष्यभर शेणानं सारवलेल्या जमिनीवर वावरलीस, आणि आता तुझ्या डोक्यावर गट्टू! वहिनींना घेऊन मी अध्यक्षांच्या दुकानात गेले. माणूस वाईट नाही. सुपारी कातरत शांतपणे सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"अक्का, झाडं मलाबी आवडतात. पण पाणी कोण घालणार? तिथल्या बोअरला निस्ती हवा येऊन राहिली."

"मी घालीन."

"तुम्ही लातूरला."

"मी हाय की इथं," वहिनी म्हणाल्या. दादा गेल्यापासून त्या घरात हो-नाहीपलीकडं बोलत नव्हत्या, त्यामुळं मीच दचकले.

अध्यक्षांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "उन्हाळाभर झाडं जगली तर गट्टू फक्त वाटेपुरते. मेली तर मग मला आडवायचं न्हाई."

"हाव," मी म्हटलं.

वहिनी लातूरला आल्या आणि आम्ही दोघी नांदेड रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेलो. हिरवी जाळी, तिच्याखाली ओळीनं काळ्या पिशव्यांतली रोपं, ओल्या मातीचा वास. तू असतीस तर चपला बाहेर काढून आत गेली असतीस. नर्सरीवाला मोठा उत्साही. "मॅडम, बंगला का फार्महाऊस?" मी म्हटलं, "स्मशान." त्यानं एक रोप पुढं ओढलं. मग म्हणाला, "चालतंय की. पाम घ्या, शो लई भारी येतो." पाम झाला, परदेशी गुलाब झाला, ताटाएवढ्या फुलांची जास्वंद झाली. मी प्रत्येक रोपाला एकच विचारत होते, पाणी किती लागतं. "रोज लागतं मॅडम." मी म्हटलं, आम्ही आठवड्यातून एकदा देणार, दोनदा जमलं तर नशीब, शिवाय तिथं शेळ्या येतात. त्यानं डोकं खाजवलं. "मग मॅडम, प्लॅस्टिकची फुलं घ्या." वहिनी हसल्या, अव्वा. तोंडाला पदर लावून, पण हसल्या.

त्या जास्वंदीपाशी मात्र मी बराच वेळ उभी होते. गर्द लाल, पाकळ्यांना सुरकुत्या, पिवळा दांडा बाहेर आलेला. हात पुढं गेला होता. आणि तुझं मला रागावणं आठवलं. मी परकर-पोलक्यातली, परसातल्या पांढऱ्या कण्हेरीला शाळेतून आल्यावर तांब्या तांब्या पाणी घालते आहे. तू मागून येतेस, माझ्या हातातून तांब्या काढून घेतेस. "लई लाड करून राहिलीस. रोज वर पाणी मिळालं की मूळ वरच बसतंय. खाली जाऊ दे त्याला, हुडकू दे." मी रडते. तुला वाटतं तू रागावल्यामुळं मी रडते, पण मला त्या झाडाचीच दया आलेली असते. त्यानंतर त्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला, गल्लीतल्या सगळ्यांची झाडं वाळली आणि आपली कण्हेर सकाळच्या पूजेला फुलं देत राहिली. तू त्याबद्दल कधी एक शब्दही बोलली नाहीस. मी जास्वंद जागेवर ठेवली. शेळ्यांनी ती एका दुपारीत संपवली असती.

कण्हेर घेतली, पांढरी आणि गुलाबी, चिकाच्या झाडाला शेळी तोंड लावत नाही म्हणून. तगर घेतली, तुझ्या पूजेच्या ताटात तीच असायची. बहावा घेतला. तो फुलायला वर्षं लागतील, पण तो ऐन उन्हात पिवळाधमक होतो, आणि उदगीरच्या उन्हात पिवळं काही बघायला मिळालं पाहिजे. नर्सरीवाल्यानं गुलमोहर पुढं केला तर वहिनींनीच मागं सारला. "त्याच्याखाली काही येत न्हाई, आन् वाऱ्यानं फांद्या मोडतात. माणसं बसल्याती तिथं खाली." वहिनी लोह्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. चाफा मला हवाच होता. त्या म्हणाल्या, "काळ्या रानात चाफा सडतो वन्सं. मुरूम टाकून उंचावर लावू." कांचन घेतला, पारिजातक घेतला. निघताना वहिनी दारापाशी वाकल्या. पायरीच्या फटीतून एक सदाफुली वर आली होती. "ही द्या." तो म्हणाला, "ती विकायची न्हाई, आपोआप आलीय." "म्हणून तर मागून राहिले," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी ती हळूच मुळासकट सोडवून घेतली.

लावायचं कुठं, हा प्रश्न माझ्यापुढं नव्हताच. तू नेमकी कुठं आहेस ते ठाऊक नाही, म्हणून मी सगळीकडं लावली. दोन समाध्यांच्या मधे जिथं हातभर जागा मिळाली तिथं. पावसाळ्यात काही वाटलं नाही, पावसानंच सगळं सांभाळलं. दिवाळीनंतर खरं काम सुरू झालं. वहिनी ऑटोत पाण्याचे कॅन टाकून न्यायच्या, मी दर बुधवारी लातूरहून एसटीनं जायची. गल्लीत बोलणं सुरू झालं, बायामाणसांनी सारखं मसणात जाऊ नये, घराला बरं नसतं. वहिनींनी ऐकून घेतलं. एकदा मात्र दारात उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "माझं माणूस हाय तिथं. तुमची न्हाईत का?"

उन्हाळा वाईट गेला. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. आम्ही त्या माती लोटून बुजवायचो, पुढच्या बुधवारी शेजारी दुसऱ्या. आधी पारिजातक गेला, मग कांचन. बहाव्याची सगळी पानं गळून नुसती काठी उरली. मी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, गेला हाही. वहिनींनी नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं. आम्ही दोघी त्या काठीपुढं उन्हात उभ्या राहिलो, आणि मला वाटलं, आता गट्टू आणा, नाही तर जेसीबी आणा, मी हलणार नाही.

अध्यक्ष उन्हाळा सरताना आले. सगळीकडं फिरले. कण्हेर भरभरून फुलली होती, तगरीला कळ्या होत्या, सदाफुली तर भिंतीकडं पसरत चालली होती. मेलेल्या झाडांचे खड्डेही मी त्यांना दाखवले, लपवलं नाही. ते म्हणाले, "अक्का, वाटेचे गट्टू तरी बसवू द्या. चिखलात म्हातारी माणसं घसरतात." मी म्हटलं, वाटेचे बसवा. झालं.

आणि कालची गोष्ट. मी झाडांना आळी करत होते तेव्हा एक पालखी आली. आमच्या ओळखीचं घर नव्हतं. एक म्हातारी होती, तुझ्यासारखीच बारीक. लोकांनी घाईघाईत माळ कमी आणली असावी, दोघंजण आमच्या तगरीकडं वळले आणि ओंजळ भरून फुलं तोडून घेतली. तेवढ्यात फाटकाकडं लक्ष गेलं. एक मुलगी, तिशीची असेल, फाटकाबाहेर दोन्ही हातांनी गज धरून उभी होती. रडत नव्हती, नुसती आत बघत होती. मी मातीचे हात झटकत गेले आणि फाटक उघडलं. "तुझी आई?" तिनं मान हलवली. "मग बाहेर का? ये." ती म्हणाली, "चालतंय का?" मी म्हटलं, "मी न्हाई का आत? चालतंय." ती आली. आईला मातीत बसवेपर्यंत माझ्या शेजारी उभी राहिली. तिला जागा नीट पाहता यावी म्हणून मी जरा बाजूला झाले.

हे पत्र मी कुठं पाठवणार? पोस्टात इतकी वर्षं काढली, तुझा पत्ता मला लिहिता येत नाही. घडी घालून कपाटात ठेवीन. पण एक सांगून टाकते. झाडं अव्वासाठी लावली, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. समितीला सांगितलं, वहिनींना सांगितलं, वरही तसंच लिहिलंय. पण पाणी घालायला जाणाऱ्या बाईला कुणी फाटकापाशी थांबवत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अव्वा, मला आत यायचं होतं.